परक्या जागेतील व्यवसाय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या मंडळाच्या वधुवर परिचय पुस्तिकेची मुद्रिते तपासण्याचे काम गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. त्या पुस्तिकेत व्यवसायाचा एक रकाना असतो. पूर्वी त्यात शिक्षक, कारकून, दुकानदार, शेती असे शब्द येत. पुढे अभियंता, संगणक-कंपनीत नोकरी असे येऊ लागले. अलीकडे 'यूट्यूबर', 'कंटेंट क्रिएटर' हे शब्द दिसू लागले आहेत. यंदा असे पाच अर्ज होते, पैकी दोन मुलींचे. पुस्तिका घरोघर गेल्यावर एका मुलीच्या वडिलांनी मला फोन केला आणि सरळ विचारले, "गुरुजी, याला व्यवसाय म्हणावे की रिकामपणचा उद्योग? अशा घरी मुलगी द्यावी किंवा कसे?" दोन वाक्यांत उत्तर देता येण्यासारखा तो प्रश्न नव्हता. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. हयात प्राथमिक शाळेत गेली. तथापि आमच्याच घरात हा व्यवसाय सहा-सात वर्षे चालू असल्यामुळे त्याचे अंतरंग मला जवळून पाहावयास मिळाले आहे, व त्या आधारावर आज चार शब्द बोलणार आहे.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अद्याप शिरलेले नाही त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा करतो. स्वयंपाक, शिवण, गायन, विनोद, शेतीची माहिती, गडकोटांची भ्रमंती, असे जे काही आपणांस येते ते चित्रफितीच्या किंवा लेखाच्या रूपाने यूट्यूब, इन्स्टाग्राम, फेसबुक यांवर मांडावयाचे, त्यास पाहणारे मिळवावयाचे आणि त्या पाहणाऱ्यांच्या जोरावर उत्पन्न मिळवावयाचे, असे या व्यवसायाचे स्वरूप आहे. यूट्यूब २००५ मध्ये निघाले, पुढच्याच वर्षी ते गूगलने विकत घेतले. तेथे जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळावयाचा तर किमान १००० सबस्क्रायबर हवेत आणि मागील बारा महिन्यांत आपल्या फिती एकूण ४००० तास पाहिल्या गेलेल्या हव्यात. केवळ छोट्या फिती करणाऱ्यास दुसरी वाट आहे, ती म्हणजे नव्वद दिवसांत १ कोटी वेळा त्या पाहिल्या जाणे. वाटणी अशी की, लांब चित्रफितीवर जाहिरातीचे १०० रुपये आले तर ५५ निर्मात्याचे व ४५ कंपनीचे. छोट्या फितींचा हिशेब निराळा. तेथे निर्मात्यांच्या वाट्यास धरलेल्या रकमेतील ४५ टक्केच हाती येतात. हा सर्व व्यवहार उघड आणि लेखी असतो, पैसे बँकेत जमा होतात, त्यावर प्राप्तिकरही भरावा लागतो. तेव्हा हा उद्योग आहे यात मला संशय वाटत नाही. प्रश्न आहे तो जागेचा.

आठवडे बाजारात पथारी मांडणारा आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला आहे. माल त्याचा, जीभ त्याची, उन्हात बसणारा तो. जागा मात्र त्याची नसते. उद्या बाजार ओढ्याच्या या काठावरून त्या काठावर नेण्याचे ठरले, तर त्याला कोणी विचारीत नाही. या नव्या बाजाराचे मालक तर सातासमुद्रापलीकडे आहेत आणि त्यांचे नियम वरचेवर बदलतात. आता सांगितलेली हजार सबस्क्रायबरांची अटच पाहा. २०१७ मध्ये एकूण दहा हजार वेळा फिती पाहिल्या गेल्या की पुरत असे. २०१८ च्या जानेवारीत अट एकाएकी चढविण्यात आली आणि जे लहान निर्माते थोडेबहुत मिळवीत होते ते एका घोषणेने बाहेर पडले. त्याच महिन्यात फेसबुकनेही आपली मांडणी बदलून मित्र-आप्तांच्या मजकुरास अग्रक्रम दिला व व्यावसायिक पानांचा मजकूर मागे ढकलला. ऑर्कुट नावाची जागा एके काळी आपल्याकडील तरुणांनी गजबजलेली होती. ती ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाली. सहा सेकंदांच्या चित्रफितींचे वाइन अमेरिकेत विलक्षण लोकप्रिय होते. त्याची दारे २०१७ च्या जानेवारीत मिटली. आणि आपल्या देशातील सर्वांत मोठा धक्का म्हणजे टिकटॉकचा. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने देशाच्या सुरक्षिततेच्या कारणास्तव ५९ ॲपांवर बंदी घातली, त्यांत टिकटॉक होते. सरकारच्या निर्णयाची चर्चा हा माझा विषय नाही. परंतु लहान गावांतील, साध्या घरांतील हजारो मुलामुलींनी तेथे जमविलेला लोकसंग्रह त्या एका रात्रीत नाहीसा झाला, हे मात्र खरे.

त्यांत माझी धाकटी सून होती. ती शिवणकाम जाणते. २०१९ पासून ती टिकटॉकवर अर्ध्या-पाऊण मिनिटाच्या फिती टाकीत असे: कटोरी ब्लाऊजची कटोरी सुरकुती न पडता कशी बसवावी, आस्तर आत कसे लपवावे, खणाचा काठ बाहीवर अखंड कसा आणावा. ऐंशी हजारांवर माणसे तिला पाहत होती. बंदी आली तेव्हा टाळेबंदीचे दिवस होते, मुलाचा पगार निम्म्यावर आला होता आणि नव्या शिलाई यंत्राचे हप्ते चालू होते. घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी तिने कपाटातून एक लांबट वही काढली. ज्या बाया फितीखाली शंका विचारीत त्यांना ती व्हॉट्सॲपवर माप पाठवावयास सांगे आणि त्यांचे नाव, गाव, फोन व अडचण या वहीत टिपून ठेवी. अशी ३४० नावे होती. शिवाय फोन भरून जातो म्हणून प्रत्येक फीत ती पेनड्राइव्हमध्ये उतरवून ठेवीत आली होती. ऐंशी हजार गेले, पण ३४० राहिल्या. त्या ऑगस्टात तिने यूट्यूबवर चॅनेल काढले आणि वहीतील प्रत्येकीस निरोप पाठविला. शंभर-सव्वाशे आल्या. त्यांनी आपल्या जावा-नणंदांना सांगितले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तीच फीत इकडून उचलून तिकडे ठेवली असती तर काम भागले नसते. पाऊण मिनिटाच्या फितीत 'पाहा, कसे झाले' एवढेच दाखविता येते. यूट्यूबवर शोध घेत येणारी बाई कापड समोर पसरून बसलेली असते; तिला 'कसे करावे' ते हवे असते. म्हणून सुनेने माप घेण्यापासून काजे-बटणापर्यंत वीस-बावीस मिनिटांचे संपूर्ण पाठ तयार केले. पुढे यूट्यूबनेही छोट्या फिती आणल्या, तेव्हा त्यांचा उपयोग तिने दुकानाच्या पाटीसारखा केला: पाटी वाचून माणसाने आत यावे. पहिल्या वर्षी जाहिरातीचे काहीच मिळाले नाही. आजही चांगल्या महिन्यात त्या पैशांतून दोरे, वीज आणि थोडा किराणा होतो. यंत्राचे हप्ते फेडले ते मापानुसार कापलेल्या कागदी फर्म्यांनी, जे ती टपालाने पाठविते, आणि रविवारच्या शिकवणीने. त्या गिऱ्हाइकांची वही तिच्या हातात आहे. ती कोणत्याही कंपनीच्या हातात नाही.

टिकटॉकची रिकामी जागा किती लवकर भरली तेही पाहण्यासारखे आहे. इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील आणले ते त्याच जुलैत, बंदीनंतर दहा दिवसांच्या आत. यूट्यूबच्या छोट्या फितींची पहिली चाचणी सप्टेंबरात भारतातच सुरू झाली. बाजार उठतो तसा दुसरीकडे भरतोही. ज्याच्याजवळ माल आणि गिऱ्हाइकाचा पत्ता या दोन्ही वस्तू असतात, तो तेथे पुन्हा पथारी मांडतो.

महाराष्ट्रातील कलावंतांवर असा प्रसंग पहिल्यानेच आला आहे असे कोणी समजू नये. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत त्यांना ठाऊक असेल की तबकडीच्या एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक गाणे मावत नसे. रंगभूमीवर एकेक पद वन्समोअर घेत अर्धा-अर्धा तास गाणाऱ्यांना तेच पद साडेतीन मिनिटांत बसवावे लागले. ज्यांना ते साधले त्यांचा आवाज आज आपण ऐकू शकतो. मग १९३१ मध्ये 'आलम आरा' हा बोलपट आला व १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. संगीत नाटक मंडळ्यांची त्यानंतर काय स्थिती झाली हे सर्वश्रुत आहे. पण गोविंदराव टेंबे यांचे उदाहरण पाहा. ऑर्गन-पेटीवरील त्यांचा हात, नाट्यपदांना चाली देण्याची त्यांची हातोटी ही रंगभूमीवर कमावलेली. 'अयोध्येचा राजा'मध्ये तेच हरिश्चंद्र झाले आणि संगीतही त्यांनीच दिले. उलट बालगंधर्वांसारखा अलौकिक कलावंत १९३५ च्या 'धर्मात्मा'त प्रभातबरोबर आला, परंतु चित्रपटाच्या दुनियेत रमला नाही आणि रंगभूमीकडे परतला. गुणांत कोण उणे होते हा येथे प्रश्नच नाही. ज्याच्या अंगचे कसब जागेपासून सुटे करता येत होते त्याला नव्या जागेत पाय रोवता आला. ज्याचे सारे सामर्थ्य प्रत्यक्ष प्रेक्षकांच्या दादेशी गुंतलेले होते त्याला ते कठीण गेले. आपल्या मुलांनी आपले कसब कोणत्या जातीचे आहे हे एकदा स्वतःशी तपासून पाहावे.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी, जिला सर्वजण 'एआय' म्हणतात. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून लेख, चित्र, आवाज, एवढेच काय पण चालतेबोलते चित्रपटाचे तुकडेही यंत्र बनवू लागले आहे. अफाट प्रमाणावर लिहिलेले-बोललेले वाचून कोणत्या शब्दामागे कोणता शब्द यावा याचा अंदाज ते यंत्र शिकलेले असते. म्हणून त्याची भाषा सफाईदार असते. त्याने सांगितलेली वस्तुस्थिती खरीच असेल याची मात्र हमी नसते. आमच्या तालुक्यातील एका जत्रेची माहिती मी त्याला विचारली. उत्तर तत्काळ आले. तिथी चुकीची, देवस्थानची कथा दुसऱ्याच गावची, भाषा मात्र निर्दोष. मास्तरकीच्या सवयीने मी मनात गुण दिले: शुद्धलेखनास दहापैकी दहा, मजकुरास शून्य.

यावरून कोणी यंत्राला हसण्यावारी नेऊ नये. मापे दिली असता ब्लाऊजचे कटिंग सांगण्यास सुनेने त्यास सांगितले, तेव्हा त्याने व्यवस्थित कोष्टक करून दिले. मग तिने विचारले की, पाठीला बाक आलेल्या वयस्क बाईसाठी काय करावे? त्यावरही त्याने बरोबर सांगितले की पाठीची उंची वाढवावी आणि पुढची कमी करावी. तेव्हा मी म्हटले, "मग तुझे काय उरले?" ती म्हणाली, "बाबा, हा प्रश्न मला सुचला कारण मी अशा आजींची मापे घेतली आहेत. जिने घेतली नाहीत ती हे विचारणारच नाही. ती कोष्टकाप्रमाणे कापील आणि ब्लाऊज मागून वर चढेल." माझ्या मते या साऱ्या वादाचा गाभा तिच्या या उत्तरात आहे. यंत्र विचारलेले सांगते. काय विचारावे हे ज्याच्या हाताला ठाऊक असते, त्याच्या मागे लोक पुढेही येत राहतील.

ज्याचा माल केवळ सर्वसाधारण माहिती हा आहे, त्याची मात्र कठीण वेळ आली आहे. २०२४ पासून आपल्या देशातही गूगलवर शोध घेतला असता पुष्कळदा उत्तर यंत्रच वरच्या वर देऊन टाकते. मग 'उकडीच्या मोदकाला पाणी किती' एवढेच सांगणाऱ्या पानावर कोणी कशाला जाईल? तशीच गोष्ट यंत्राकडून लेख लिहवून, यंत्राच्याच आवाजात वाचवून दिवसाला दहा फिती काढणाऱ्यांची. इतिहासाच्या आणि संतचरित्रांच्या नावाखाली असल्या फितींचा सध्या सुळसुळाट झाला आहे; आवाज एक, वाक्ये तीच, चित्रात शिवकालीन मावळ्याच्या हातात भलतेच शस्त्र! २०२५ च्या जुलैत यूट्यूबने आपल्या नियमाची भाषा अधिक स्पष्ट करून ठोकळेबाज, घाऊक पद्धतीने काढलेल्या फितींना उत्पन्न मिळणार नाही असे जाहीर केले. वास्तव वाटेल असे दृश्य यंत्राने बनविलेले असेल तर तसे कळविण्याचे बंधन २०२४ पासूनच आहे. तेव्हा 'महिन्यात लक्षाधीश' म्हणून शिकवणी वर्गाची फी मागणाऱ्यांपासून सावध राहावे. आपल्या समाजातील दोघा तरुणांनी अशा वर्गास प्रत्येकी वीस हजार भरले. त्यांना हाती काय आले हे ते आपण होऊन सांगतील.

यंत्र कामाचे कोठे? मजुरीच्या कामाला. पार्श्वभूमीतील शिलाई यंत्राचा घरघराट काढून टाकणे, बोललेले उतरवून घेणे, त्याचे हिंदी करणे, पाठास चार मथळे सुचविणे, ही कामे सून त्याच्याकडून करून घेते. पूर्वी संबंध रविवार जाई, आता दोन तास पुरतात. उतरलेले मराठी मी तपासतो, कारण यंत्राचे मराठी अजून पुष्कळदा हिंदीच्या वळणावर जाते. तिचा आवाज आणि तिचे हात मात्र तिचेच असतात. हल्ली आवाजाचीही नक्कल यंत्र करते. अरिजित सिंग यांना २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांना २०२५ मध्ये आपल्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाकडून अंतरिम संरक्षण मिळवावे लागले. मोठ्यांना न्यायालय गाठता येते. आपल्या मुलांनी निदान आपल्या मूळ फिती तारखेसह जपून ठेवाव्यात, म्हणजे मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे सांगावयास आधार राहील.

किल्ल्यांविषयी, म्हणजे पासवर्डविषयीही बोलणे अवश्य आहे. नगर जिल्ह्यातील सारोळा कासारच्या सुमन धामणे या आजींचे 'आपली आजी' हे स्वयंपाकाचे चॅनेल आपणांपैकी अनेक भगिनींनी पाहिले असेल. नातवाच्या मदतीने उभे केलेले ते चॅनेल २०२० च्या ऑक्टोबरात कोणी परस्पर बळकाविले. सुदैवाने ते काही दिवसांत परत मिळाले. दुकानाला आपण दोन कुलपे लावतो. येथेही दुहेरी कुलपाची सोय फुकट असते, आणि तरीही दहांतील आठ घरांत ते लावलेले नसते, असा माझा घरोघर विचारपूस करून झालेला अनुभव आहे.

ज्या गृहस्थांनी मला फोन केला होता त्यांना मी पुढे भेटून सांगितले की, मुलाला किती लोक पाहतात हे विचारू नका. तो आकडा फसवा असतो. २०२५ च्या मार्चअखेरपासून तर यूट्यूबवर छोटी फीत नुसती सुरू झाली तरी ती एकदा पाहिली असे धरले जाते. त्याला विचारा की मागील बारा महिन्यांतील सर्वांत कमी मिळकतीचा महिना कोणता आणि त्या महिन्यात किती मिळाले. ती जागा उद्या बंद पडली तर किती गिऱ्हाइकांना तू स्वतः फोन करू शकशील? खाते कोणाच्या नावावर आहे? आणि कॅमेरा बाजूला ठेवला तर तुला काय येते? मुलाने शेवटच्या प्रश्नास उत्तर दिले की आपल्याला द्राक्षबागेच्या छाटणीतले कळते आणि चार गावचे बागायतदार आपल्याला बोलावून नेतात. सोयरीक जुळली की नाही हे सांगण्याचा मला अधिकार नाही, पण बोलणी पुढे गेली आहेत.

तरुणांना एवढेच सुचवितो की नोकरी सोडण्याची घाई नको. ज्या घरात एक निश्चित पगार आहे तेथे हा व्यवसाय वाढतो. जेथे सर्व भार याच्यावर आहे तेथे मनुष्य नियम बदलताच घाबरून दुसऱ्याची नक्कल करू लागतो. आणि वडीलधाऱ्यांना विनंती की, विषय सुचविण्यात त्यांनी हात द्यावा. पुण्यात हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या खेडोपाडी फिरून टिपून घेतल्या गेल्या. त्या तशा टिपल्या गेल्या नसत्या तर कोणत्याही यंत्राला त्या ठाऊक होण्याचा मार्ग नव्हता. आपल्या घरांतील आजींजवळ लग्नातली गाणी आहेत, रुखवताचे प्रकार आहेत, बाळंतिणीच्या पथ्याचे तपशील आहेत. शेजारच्या खोलीतील नातू मात्र फोनवर दुसऱ्याचे पाहून विषय शोधीत असतो.

चहानंतर सभागृहामागील खोलीत माझी सून बसणार आहे. ज्यांच्या खात्यांना दुहेरी कुलूप लावावयाचे राहिले आहे त्यांनी आपला फोन घेऊन यावे. प्रत्येकी दहा मिनिटांचे काम आहे. येताना बँकेचे कार्ड किंवा पिन कोणी आणू नये, त्याची गरज नाही.